पुराआधीची बेगमी: पोतं नंतर, पाणी आधी

पत्र:

"ताई, माझं माहेर सांगोल्याकडचं. टँकरची वाट बघत आम्ही मोठे झालो. २०२० मध्ये लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि पुढच्याच जुलैत आयुष्यातला पहिला पूर पाहिला. आमचं घर नागाळा पार्कच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये पाणी शिरलं, लाईट गेली, नळ बंद झाले. घरात तांदूळ, डाळ सगळं होतं, पण प्यायला पाणी नव्हतं. आता घरात आम्ही पाच जण. मुलगी दोन वर्षांची आहे, सासऱ्यांना इन्सुलिन लागतं. सासूबाई म्हणतात, जूनच्या आत पन्नास किलोचं तांदळाचं पोतं आणि वर्षाचे गहू भरून ठेवू. मिस्टर म्हणतात, मोबाईलवरून मागवलं की दहा मिनिटांत येतं, घराचं गोडाऊन करू नका. दोघांच्या मध्ये मी. दोन खोल्या आणि एक माळा एवढ्या जागेत नेमकं काय आणि किती भरून ठेवू?"
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

तुम्ही विचारलंय धान्याबद्दल, पण मी आधी पाण्याबद्दल सांगणार आहे. तुमच्या घरात अडलं होतं ते पाण्यावाचूनच, आणि पुन्हा पूर आला तर पुन्हा तिथंच अडेल.

कोल्हापूरचं पिण्याचं पाणी वर्षानुवर्षं नदीतून उचललं जात आलंय. बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर ही उपसा केंद्रं नदीकाठी आहेत. महापूर आला की त्यांचे पंप पाण्याखाली जातात. २०१९ मध्ये हेच झालं आणि २०२१ मध्येही. म्हणजे नदीला सगळ्यात जास्त पाणी असतं नेमके त्याच दिवशी नळ कोरडे. बरं, पूर ओसरला म्हणून लगेच नळ सुरू होत नाहीत. मोटारी बाहेर काढायच्या, वाळवायच्या, गाळ उपसायचा, मग पुरवठा. टँकर येतात, पण ज्या गल्लीत पाणी आहे तिथं टँकर पोचत नाही. भिंतीवरचं आरओ मशीन लाईट नसल्यावर बंदच. म्हणून तुमच्याकडच्या घरांनी आठवडाभराचं पाणी घरात असेल असा हिशेब धरावा.

हिशेब सोपा आहे. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज चार लिटर. पाच माणसांचे वीस, म्हणजे रोज एक मोठा जार. आठवड्याचे १४० लिटर. आकडा ऐकून दचकू नका, हे सगळं बारा महिने भरून ठेवायचं नाही. जून ते सप्टेंबर दोन जार कायम भरलेले असू द्या. एक वापरात, एक राखीव, आणि राखीव असेल तो पुढच्या खेपेला वापरात घ्यायचा. बाकीच्यासाठी झाकणाची दोन पन्नास लिटरची पिंपं घेऊन ठेवा. एरवी ती रिकामी राहू देत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की त्याच दिवशी, नळाला पाणी आहे तोवर, ती घासून भरायची. ४३ फूट ही धोक्याची पातळी. तिची वाट बघत बसलात तर पूर्ण शहर एकाच वेळी नळ सोडून बसलेलं असतं आणि वरच्या मजल्यावर धार बारीक होते. पिंपं जमिनीवर, भिंतीला लावून ठेवा. माळ्यावर पाणी चढवू नका. १४० लिटर म्हणजे १४० किलो वजन, माळा त्यासाठी बांधलेला नसतो.

पिंप कसलं घेता तेही बघा. रंगाचं, औषध फवारणीचं किंवा कारखान्यातून आलेलं स्वस्त पिंप कितीही धुतलं तरी पिण्याच्या पाण्याला चालत नाही. खाण्याच्या तेलाचे डबे चालतात, गरम पाण्यानं आणि साबणानं वास जाईपर्यंत धुतले तर. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की भांडं बुडवायचं नाही. मुलगी दोन वर्षांची आहे, ती हात घालणारच. म्हणून झाकणावर काहीतरी जड ठेवा. साठवलेलं पाणी आजारी पाडतं ते बहुतेक वेळा असं हात बुडवल्यामुळंच.

आता गच्चीवरच्या टाकीचं. तुमच्या इमारतीला खाली हौद आणि वर टाकी असणार. पुराचा इशारा आला की लाईट असेपर्यंत वरची टाकी काठोकाठ भरून घ्या. लाईट गेल्यावर मोटार चालणार नाही, मग वर असेल तेवढंच पाणी. खालच्या हौदात पुराचं पाणी एकदा शिरलं की त्यात ड्रेनेज मिसळलंच असं समजा. लाईट आल्याआल्या कुणीतरी सवयीनं मोटार सुरू करतं आणि ते घाण पाणी वरच्या चांगल्या पाण्यात जातं. इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना आधीच बसवून हे ठरवून घ्या, आणि मोटारीच्या बटणाला चिठ्ठी लावा: हौद धुतल्याशिवाय सुरू करू नये. ही चिठ्ठी तुमच्या घरातल्या दोन जारांइतकीच महत्त्वाची आहे.

भांडी, संडास, फरशी यांना पिण्याचं पाणी वापरायचं नाही. पूर असतो तेव्हा वरून पाऊसही पडतच असतो. गॅलरीत पागोळीखाली बादल्या, घमेली, टब जे असेल ते लावा. तेवढ्यात वरचा वापर भागतो.

एवढं करूनही पिण्याचं पाणी संपलं आणि संशयाचं पाणी वापरायची वेळ आली तर आधी चार पदरी सुती कापडातून गाळायचं. गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी घेऊन उकळायचं. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळलं की पुरे, अर्धा अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही. गॅस वाचवायचा असेल तर मेडिक्लोर (बाटलीतलं क्लोरीनचं औषध) किंवा क्लोरीनच्या गोळ्या. बाटलीवर, पाकिटावर लिहिलंय तेवढंच प्रमाण, आणि अर्धा तास थांबून मग प्यायचं. क्लोरीनची ताकद ठेवून ठेवून कमी होते, तेव्हा गेल्या वर्षीची उरलेली बाटली टाकून दर मे महिन्यात नवी आणा. मात्र पाण्यावर रॉकेल, डिझेल किंवा फवारणीच्या औषधाचा तवंग वा वास असेल तर ते पाणी उकळूनही पिण्याजोगं होत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, विष जात नाही.

आता सासूबाईंचं पोतं.

सासूबाई चुकीचं बोलत नाहीयेत. मे महिन्यात कुरडया, सांडगे, पापड वाळवायचे, कांदा-लसूण चटणी कुटून बरण्या भरायच्या, भाजणी दळून आणायची, ही पावसाळ्यापूर्वीची बेगमी आपल्याकडे घरोघरी होतीच, आणि ती उगीच नव्हती. चार महिने वाट बंद होऊ शकते हे गृहीत धरून जगणाऱ्या माणसांची ती शिस्त होती. त्यांच्या विचाराशी भांडू नका, फक्त पोत्याशी भांडा. पन्नास किलोचं पोतं आयत्या वेळी कुणालाही उचलत नाही. एकदा तोंड सोडलं की पावसाळी दमट हवा सगळ्या तांदळाला लागते आणि सोंडे झाले तर सगळ्याला होतात.

आठवड्याला लागतं किती, तेही बघू. तांदूळ, पीठ, पोहे, रवा असं सगळं मिळून माणशी रोज ४०० ग्रॅम धरा. पाच जणांचे आठवड्याचे १४ किलो. मुलीचा वाटा थोडा म्हणून हिशेबात थोडी ढीलही राहते. डाळ दोन ते अडीच किलो, तेल दीड लिटर, शेंगदाणे दोन किलो, गूळ आणि साखर मिळून दोन किलो, मीठ, चहा, मसाला. संपलं. एवढं बहुतेक घरांत महिन्याच्या सामानात असतंच. फक्त महिनाअखेरीला डबे तळाला जातात आणि पूर काही महिन्याची एक तारीख बघून येत नाही. म्हणून पावसाळ्यात सामान अर्ध्यावर आलं की भरायचं, एवढी एकच सवय लावून घ्या. वेगळा "पुराचा डबा" करून कोपऱ्यात ठेवू नका. तो कुणी उघडत नाही आणि दोन वर्षांनी त्यात जाळी लागलेली सापडते. रोज खाता तेच थोडं जास्त ठेवा, जुनं पुढं आणि नवं मागं.

धान्य पाच-पाच किलोच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत किंवा जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा, म्हणजे एका माणसाला एका खेपेत उचलून माळ्यावर टाकता येईल. तळमजल्यावर राहणाऱ्या वाचकांना तर माझं सांगणं आहे की जुलै-ऑगस्टमध्ये कंबरेच्या खाली खाण्याची एकही वस्तू ठेवू नका. आणि गॅसचा सिलिंडर मोकळा सोडू नका, भरलेला सिलिंडरसुद्धा पुराच्या पाण्यात तरंगतो. पाणी उंबऱ्याला लागण्याआधी रेग्युलेटर काढा, टोपण लावा आणि उंचावर उभा बांधून ठेवा.

रवा कोरडाच मंद आचेवर भाजा. हाताला हलका लागेल आणि खमंग वास सुटेल इतपत, रंग बदलायच्या आत उतरवा, ताटात पसरून पूर्ण गार करा आणि मगच डब्यात भरा. कोमट असताना भरला तर झाकणाला आतून वाफ धरते आणि दहा दिवसांत बुरशी येते. नीट गार केलेला रवा पावसाळाभर अळीशिवाय राहतो आणि आयत्या वेळी उपमा निम्म्या वेळात होतो. डाळींना एरंडेल चोळा, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. बाजारात धान्याला कीड लागू नये म्हणून गोळ्या मिळतात, सल्फास म्हणून लोक ओळखतात. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो. बंद खोलीत, त्यातही पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून झोपणाऱ्या घरात, ती गोळी धान्यात ठेवायची नाही. कुणी कितीही सांगो. अळी झालेले तांदूळ पाखडून खाता येतात.

काय भरायचं ते ठरवताना प्रत्येक पदार्थाला एक प्रश्न विचारा: याला पाणी किती लागतं? राजमा, छोले, अख्खे कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, तासभर शिजवा, मग भांडी घासा. पुरात हे परवडत नाही. मूगडाळ लवकर शिजते, तुरीपेक्षा ती जास्त ठेवा. पहिले दोन दिवस तर चूल न पेटवता निघतील असं खाणं हवं: भडंग, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाण्याचे आणि राजगिऱ्याचे लाडू, खजूर, टोस्ट, दूध पावडर. तुमच्या माहेरची कडक भाकरी तर या कामाला पहिल्या नंबरची. शेंगदाण्याची चटणी आणि तेल असलं की जेवण होतं, भांडंही खरकटं होत नाही. मे महिन्यात माहेरी जाल तेव्हा दोन थप्प्या घेऊन या. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की सासऱ्यांखेरीज सगळ्यांची न्याहारी झाली. मेतकूट-भात मुलीला चालेलच, शिवाय नाचणी सत्त्व ठेवा. अजून अंगावर पीत असेल तर पुराच्या धांदलीत तोडू नका. त्या दिवसांत तिला मिळणारं सगळ्यात सुरक्षित दूध तेच.

मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल. एरवी दहा मिनिटांत सामान येतं हे खरं आहे. पण ते ज्या गाडीवरून येतं ती गाडी रस्त्यावरूनच येते. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरला बाहेरून माल येणं थांबलं. २०१९ मध्ये पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवावं लागलं. जिल्ह्यातलं दूध मुंबई-पुण्याला पोचेना. दुकानात माल नसेल, पोरगा गाडी काढू शकत नसेल आणि तुमच्या फोनची बॅटरी संपली असेल, तर ॲप काय करणार? हे त्यांना चिडून सांगू नका. १४ किलोचा हिशेब कागदावर लिहून दाखवा. त्यांची भीती गोडाऊनची आहे, आणि १४ किलोला गोडाऊन लागत नाही. पोतं सात-आठ डब्यांवर आलेलं बघून सासूबाई नाराज झाल्या, तर ते डबे त्यांच्याच ताब्यात द्या. जुनं-नवं फिरवायचं काम त्यांच्याइतकं चोख तुमच्या घरात दुसरं कुणी करणार नाही.

आणि हे सगळं मे-जूनमध्ये, थोडं थोडं करून घ्या. इशारा पातळी आल्यावर दुकानात धाव घेऊन चार-चार पाकिटं उचलणं मला पटत नाही. रोजच्या कमाईवर रोजचं पीठ घेणारी बाई संध्याकाळी त्या दुकानात जाते तेव्हा फळी रिकामी असते. जमलं तर दोन माणसांचं जास्त धरा. तळमजल्यावरचं बिऱ्हाड पुरात तुमच्याकडेच वर येणार आहे.

इन्सुलिनचं बघू. न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये, पण लाईट गेली म्हणून घाबरू नका. वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. नेमकं किती ते त्या-त्या पाकिटावर असतं, ते आजच वाचून ठेवा. कोल्हापूरच्या जुलैत हवा गारच असते. तरी शंका वाटली तर मातीच्या मडक्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि आत कोरड्या डब्यात इन्सुलिन ठेवायचं. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. सुया, पट्ट्या आणि बाकीच्या गोळ्या निदान पंधरा दिवसांच्या हाताशी असू द्या, आणि साखर अचानक उतरली तर म्हणून साखरेची डबी त्यांच्या उशाशी. ओआरएसची पाकिटं आणा. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, पोहे खायच्या लहान चमच्यानं. टॉर्च, काडेपेटी, भरलेली पॉवर बँक, सॅनिटरी पॅड, थोडी सुटी रोकड ही यादी तुम्हाला माहीत आहेच.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. एवढी बेगमी केल्यावर "आता कशाला घर सोडायचं?" असं घरात कुणीतरी म्हणणार. बहुतेक सासरेच म्हणतील. घरात पाणी आणि धान्य ठेवायचं ते वाट बंद झाल्यावर पोट आणि घसा चालावा म्हणून. पाणी चढत असताना अडून राहण्यासाठी नव्हे. कोल्हापुरात जुनी माणसं अजूनही "मच्छिंद्री झाली का?", म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं का, असं विचारतात, तुम्ही फुटांत बघा. शेजारच्या जुन्या बिऱ्हाडाला विचारा की राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झाल्यावर तुमच्या गेटात पाणी येतं. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये ५६ च्या वर. दोन्ही वेळी आपल्या गल्लीत कधी आणि किती आलं हे तिथल्या लोकांना पाठ असतं. तो आकडा कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवा, आणि त्याच्या दोन फूट आधी सासरे, सासूबाई आणि मुलगी उंचावरच्या नातेवाइकांकडे गेलेली असतील हे आजच ठरवा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पाणी खाली यायला काही तास मिळतात, ते आवराआवरीत घालवू नका. अडकलातच तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.

पूर उतरल्यावर पुराचं पाणी लागलेलं धान्य, पीठ, मसाला, भाजी उन्हात वाळवून वापरायचा मोह होतो. ते टाकून द्या, जनावरांनाही घालू नका. न फुगलेले, न गंजलेले पत्र्याचे बंद डबे मात्र वापरता येतात, आधी साबणानं आणि मग ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन. चिखल काढायला उतरताना गमबूट घाला, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल दवाखान्यात विचारा. हौद उपसून, घासून, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या पाण्यानं धुऊन घ्या, मगच मोटारीवरची ती चिठ्ठी काढा. नळाला पहिलं पाणी येईल ते लालसर असेल, ते वाहू द्या. आणि पाणी पिण्याजोगं झाल्याचं महापालिका सांगेपर्यंत उकळूनच प्या.